माझी शपथ कुठल्या पक्षात गेली

माझं नाव मंदाकिनी शांताराम परब, पण ते नाव रेशन कार्डावर, लालबागमध्ये मंदाकिनी कोण म्हणून विचारलंत तर कोण सांगायचं नाय, लाइटवाली मावशी कुठे बसते विचारा, पोर पण बोट दाखवेल. गाव आमचं कणकवलीच्या आत, वडील गिरणीत साचेखात्यात, कापड विणायच्या मागावर होते, मी जन्मले ती परळला दहा बाय बाराच्या खोलीत, आणि लग्न करून आले ती इथे लालबागला, म्हणजे माझं सगळं आयुष्य चालत दहा मिनिटांच्या आत झालं बघा. पासपोर्ट नाय, विमान नाय, गोव्याच्या पुढे मी गेलेली नाय. आणि अशा बाईच्या घरात चीन शिरला. हसू नका ताई, खरंच शिरला, म्हणून तर तुम्हाला सांगत बसले, कारण घरात आता कोण ऐकत नाय, माझा महेश बोलतो आई तेच तेच पुरे झालं.

आमचे हे म्हणजे शांताराम, ते वायरमन होते. गणपतीच्या आधी तीन महिने आमच्या खोलीत पाय ठेवायला जागा नसायची, वायरीची भेंडोळी, बारीक बल्ब, लाल हिरव्या रंगाचे डबे, मी बल्ब एकेक करून रंगात बुडवायचे आणि दोरीवर वाळत घालायचे आणि हे कथलाचा डाग मारून माळा जोडायचे. एक बल्ब गेला की अख्खी माळ बंद, मग तो एक शोधत बसायचा, त्यावरनं आमची भांडणं व्हायची. लालबाग परळच्या किती मंडळांना आमच्या माळा गेल्या मोजदाद नाय. मग ते चायनाचे दिवे आले. आधी एका दुकानात आले, दुसऱ्या वर्षी सगळीकडे, आणि तिसऱ्या वर्षी आमच्याच फुटपाथवरच्या टेबलावर, कारण गिऱ्हाइक तेच मागायला लागलं. वजनाला हलके, लुकलुक करतात, आठ प्रकारे लुकलुक करतात, ह्यांना काय ते आवडायचं नाय, तोंड वाकडं करून विकायचे, पण विकायचे. तेव्हा कोण काय बोललं नाय. देशद्रोह बिशद्रोह काय नव्हतं त्यात, धंदा होता. ह्यांना जाऊन आता आठ वर्षं झाली, तेव्हापासून टेबल मी लावते.

आता मूळ गोष्ट. करोनाच्या वर्षी चीनच्या सीमेवर ते झालं, आपले जवान गेले, तुम्हाला आठवत असेल. टीव्ही दिवसभर चालू, बाहेर जायचं नाय, करायचं काय, बघत बसायचं. मी रडले ताई, खोटं नाय सांगत, आमच्या गावातला एक मुलगा तेव्हा तिकडेच बर्फात होता, त्याची आई मला फोन करून विचारायची, मंदा, मुंबयत काय बातमी हा, जसं काय मुंबईत सगळं कळतं. आणि माझ्या टेबलाखाली खोक्यांत भरलेल्या सगळ्या माळा चायनाच्या. मला त्या खोक्यांकडे बघवेना.

तेवढ्यात विजूभाऊ आला. विजू म्हणजे आमच्याच चाळीतला, लहान असताना माझ्या हातची तांदळाची भाकरी खाल्लेला, नंतर पक्षाच्या शाखेत गेला, मोठा झाला, आपण त्याला भाऊ बोलायला लागलो, मी चारचौघांत विजूभाऊ आणि घरात विजू. तो बोलला मावशी, मैदानात कार्यक्रम ठेवलाय, चिनी मालाची होळी, सगळे टेबलवाले येऊन शपथ घेणार, तू पण ये, तू जुनी आहेस, तू आलीस की सगळे येतील. मी बोलले येते. खोकी पण घेऊन गेले. जाळली. माझ्या हाताने टाकली, धूर असा काळा झाला की मास्कच्या आतनं खोकला आला, पण बरं वाटलं, काय लपवू, लय बरं वाटलं.

मग शपथ. विजूने कागद छापून आणले होते, आम्ही असं करणार नाही, आम्ही तसं करणार नाही, पुढे नारळ ठेवलेला, त्यावर हात ठेवायचा आणि कागद वाचायचा. माझ्या बाजूचे टेबलवाले पवार, ते सोडून सगळे आले, पवार बोलले मला जमायचं नाय, मी दुसरं काय विकू. बाकी सगळ्यांनी वाचलं आणि घरी गेले. माझा नंबर आला आणि काय झालं देव जाणे, माझा स्वभावच असा, एकदा तापले की मागचं पुढचं बघत नाय. कागद माझ्याने वाचवेना, चष्मा धुराने आंधळा झालेला, तर मी सरळ गाऱ्हाणंच घातलं. आमच्यात गाऱ्हाणं म्हणजे ताई, देवाला सगळ्यांच्या समोर मोठ्याने सांगायचं, बा देवा म्हाराजा असं असं आहे, आणि मागच्यांनी होकार भरायचा, व्हय म्हाराजा. हे बाप्यांचं काम, पण हे गेल्यापासून घरात मीच घालते, महेश तोंडातल्या तोंडात पुटपुटतो. तर मी बोलले, बा देवा रवळनाथा, आजपासून माझ्या हातनं चिनी माळ विकली जाणार नाय, आणि विकली गेली तर माझ्या घरी गणपती बसणार नाय. आणि मागनं अख्खं मैदान बोललं, व्हय म्हाराजा.

झालं. त्याचा व्हिडिओ निघाला, गावापर्यंत गेला, विजू माझ्या पाया पडला, फोटो काढला. आणि घरी आल्यावर महेश बोलला, आई, विजूला काय द्यायचा तो शब्द द्यायचा होतास, देवाला मध्ये कशाला घेतलंस. मी त्याच्यावरच ओरडले. पाच दिवसांचा गणपती आमचा, माझ्या सासऱ्यांच्या पण आधीपासून, गिरणी बंद पडली तेव्हा पण बसला, हे गेले त्या वर्षी सुतक होतं तेवढा एक चुकला. तो मी पणाला लावला होता, पण मला भीती नव्हती, कारण मी चिनी माल विकणारच नव्हते ना.

आणि नाय विकला. असं मला वाटत होतं. रे रोडला एक शेठ आहे, त्याचा माणूस आला, बोलला मावशी आता आमच्याकडे स्वदेशी माळ आहे, खोक्यावर तिरंगा, खाली हिंदीत लिहिलेलं, सगळं व्यवस्थित. टेम्पो दारात यायचा, मी माल उतरवून घ्यायचे. टेबलावर पाटी लावली मी, इथे चिनी माल मिळत नाही. गिऱ्हाइकाला लेक्चर द्यायचे. एक नवीन लग्न झालेली मुलगी आली होती, तिला आठ प्रकारे लुकलुक करणारीच पाहिजे होती, तिला मी बोलले, तुझा भाऊ सीमेवर असता तर घेतली असतीस का गं, ती बिचारी रडवेली होऊन गेली. आणि पवारांना तर मी चारचौघांत काय काय बोलले, ते आता आठवलं की जीव शरमतो. चार वर्षं मी त्यांच्या हातचा चहा घेतला नाय. माणूस खरं सांगून चिनी विकत होता हो.

ह्या वर्षी टेम्पो आला नाय. फोन लावला तर कोण उचलेना, म्हणून मी महेशला घेऊन स्वतः रे रोडला गेले, लाकडाच्या वखारी आहेत त्याच्या मागे गोडाऊन, वरच्या मजल्यावर. वर गेले तर आठ-दहा बायका खाली फरशीवर बसलेल्या, मध्ये खोक्यांचा ढीग, एक बाई आधीचा स्टिकर काढते, दुसरी तिरंग्याचा लावते, तिसरी रचून ठेवते. मी दारातच उभी. त्यातल्या एकीला वाटलं मी पण कामाला आले, ती सरकून जागा करत बोलली, बसा मावशी, नखाने नाय निघत, ओलं फडकं घ्या.

ओलं फडकं घ्या. आयुष्यात मला कोणी एवढ्या मायेने एवढं वाईट सांगितलं नसेल.

शेठ माणूस वाईट नाय, त्याने खुर्ची दिली, चहा मागवला, मी खुर्चीवर बसले नाय. मी बोलले शेठ, तुम्ही मला फसवलंत. तर तो बोलला, मावशी, शांत व्हा, समजून घ्या, वायर वसईची, प्लग आपल्या इथला, जोडणी भिवंडीत, खोकं आपलं, स्टिकर लावणाऱ्या बायका आपल्या, फक्त आतला पेटणारा दाणा तिकडचा, तो इथे कोण बनवतच नाय, मग आता तुम्हीच सांगा ही माळ कुठल्या देशाची. मी बोलले मग ज्या खोक्यावरनं बायका स्टिकर काढतायत ते काय. तर बोलला, ती जरा पूर्ण तिकडची. महेश हसायला लागला. मला हसू येईना. मी विचारलं की मग हे बंदरात उतरतं कसं, शत्रू आहे ना तो, तर शेठ बोलला मावशी, कागदपत्रं सगळी पक्की आहेत, कर भरून येतं, सरकारला माहीत आहे, फक्त तुम्हाला माहीत नव्हतं.

घरी येऊन मी महेशला विचारलं, काय रे, आपण त्यांच्याकडनं माल घेतो अजून, तर बोलला घेतो, आधीपेक्षा जास्त घेतो. मग मी टीव्ही लावला तर आपले मोठे लोक आणि त्यांचे मोठे लोक हात मिळवतायत, मागे फुलं ठेवलेली. आठवडाभराने परत तेच चॅनल ओरडतंय, धडा शिकवा. मला सांगा ताई, तुम्ही शिकलेल्या, एक काय ते नक्की सांगा ना. भांडण आहे तर भांडण, नाय तर नाय. आमच्या चाळीत पण शेजाऱ्याशी भांडणं होतात, पण भांडलो तर निदान आपल्याला माहीत असतं की आपण भांडलोय. आणि एवढा दांडगा शेजारी, त्याचा माल सरकारला थांबवता येत नाय तर मग मला कशाला थांबवायला लावला, लालबागच्या फुटपाथवर टेबल लावणाऱ्या बाईला? माझ्या देवापुढे?

आता माझ्यापुढे प्रश्न आला पाटाचा. आमचा गणपती ज्या कारखान्यातनं येतो तिथे आषाढातच पाट नेऊन द्यायचा असतो, आपल्या घरचा लाकडी पाट, त्याच्यावर मूर्ती घडते. पाट दिला म्हणजे देवाला बोलावलं. आणि मी तर बोलले होते चिनी विकली तर बसणार नाय. विकली होती, चार वर्षं विकली होती, आणि चार वर्षं तो येऊन बसून पण गेला होता, म्हणजे त्याला माहीत असून आला का, की तो पण माझ्यासारखाच फसला, हे मला कळेना. पाट मी माळ्यावरनं काढला, पुसला, परत ठेवला. सून माझी शिल्पा, ती रोज विचारायची, आई पाट कधी द्यायचा, मूर्तिकाराचा फोन येतोय. मी बोलायचे देऊ.

मी विचार केला, ज्याने शपथ घ्यायला लावली त्यानेच सोडवावी. विजूकडे गेले. जुन्या शाखेत गेले तर तिथे विजूचा फोटोच नाय. मला माहीत होतं तसं, पक्ष फुटला होता, अर्धे इकडे अर्धे तिकडे, पण विजू कुठल्या अर्ध्यात गेला ते मी लक्षात ठेवायला विसरले होते. त्याचं ऑफिस आता समोरच्या फुटपाथवर, काचेचं, एसीचं. उपरणं वेगळं, टेबलावर त्याच्या फोटोचे कंदील वाटायला ठेवलेले, त्याच्यात बटण दाबलं की लाइट लागते. मी कंदील उलटा करून बघितला. काय लिहिलं होतं ते मी सांगत नाय, तुम्ही समजा. विजू बोलला मावशी, किती दिवसांनी, बस. मी सगळं सांगितलं, बोलले माझी शपथ सोडव. तर तो डोकं खाजवत बोलला, मावशी, ती तेव्हाची पक्षाची भूमिका होती, मी तो पक्ष आता सोडला. मी बोलले विजू, तू पक्ष सोडलास ते कळलं, मग माझी शपथ कुठल्या पक्षात गेली? तो हसला, बाजूची पोरं पण हसली. मी खरंच विचारत होते.

मग समोर परत जुन्या शाखेत आले. तिथे आता एक नवीन मुलगा बसतो, चांगला बोलतो, कोकणातलाच. त्याला सांगितलं तर तो भडकला, बोलला त्या गद्दाराने घेतलेली कुठलीच शपथ आम्ही मानत नाय, तुम्ही मोकळ्या. मी बोलले बाबा, शपथ त्याने नाय घेतली, मी घेतली, आणि तेव्हा तो तुमचाच होता, तुम्ही सगळे मागे उभे राहून व्हय म्हाराजा बोललात. त्यावर तो बोलला, मावशी, पुढच्या रविवारी आपण नवीन कार्यक्रम ठेवलाय, स्वदेशीचाच, त्यात नवीन शपथ घ्या म्हणजे जुनी आपोआप रद्द. ऐका आता. मी मत दिलं होतं एका निशाणीला, ते मला न विचारता दुसरीकडे गेलं, ते मी गप्प बसून सहन केलं, पण शब्द माझा होता हो, तो तरी कोणीतरी सांभाळायला नको? रस्त्याच्या मध्ये दुभाजकावर मी उभी, इकडे एक ऑफिस तिकडे एक ऑफिस, दोन्हीकडे सारखाच भगवा, सारख्याच घोषणा, आणि मला लाज वाटते सांगायला, मला रडायला आलं.

शेवटी गावी फोन लावला. आमच्या रवळनाथाच्या देवळात कौल लावतात, देवाच्या मूर्तीला ओल्या फुलांच्या पाकळ्या चिकटवतात आणि सवाल घालतात, उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाय. शिल्पाने व्हिडिओ कॉल लावून दिला. गुरव म्हातारे, माझ्या नवऱ्याला ओळखणारे, बोलले, वैनी, सांगा, देवाक काय इचारूचा हा? मी सांगायला लागले. होळीचं, नारळाचं, शेठचं, वायर वसईची, दाणा तिकडचा, विजू इकडचा, तो तिकडे गेला, टीव्हीवर हात मिळवला, सगळं. ते ऐकत होते, ऐकत होते, मग बोलले, वैनी, देवाकडे दोनच वाटो, होय नायतर नाय, तुम्ही माका एक सरळ सवाल सांगा, मी तो घालतंय. आणि ताई, मला एक सरळ सवाल सांगता येईना. माझा गुन्हा आहे काय, हे विचारू? की माळ चिनी आहे काय, हे विचारू? की शत्रू कोण, हे? गुरव बोलले, इचार करा आणि परत फोन करा, देव खंय जातलो. मी परत फोन केला नाय. एवढ्या वर्षांत देवाला विचारायला माझ्याकडे प्रश्नच नीट नाय, ह्याच्यासारखं वाईट मला कधी वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ केली, पाट काढला, खोलीच्या मध्ये ठेवला, आणि शिल्पाला बोलले माझ्या मागे उभी राहा. महेश कामावर गेला होता, तो टॉवरमध्ये इलेक्ट्रिशियन आहे, माझ्या वडिलांच्या गिरणीच्या जागेवर झालाय तो टॉवर. मी हात जोडले आणि गाऱ्हाणं घातलं. बोलले, बा देवा म्हाराजा, मी शब्द दिला तो खऱ्या मनाने दिला. मोडला तो मला न कळता मोडला. ज्यांनी द्यायला लावला त्यांना तो आता नकोय, आणि कुणाकडे परत करायचा ते मला कळत नाय. कोण आपला कोण परका ते पण मला कळेनासं झालंय. पवारांना मी वाईट बोलले, त्या पोरीला रडवलं, तेवढं मात्र मला कळतं, ते माझं. तुला शिक्षा करायची तर कर, पण घरी येऊन कर. आणि मागनं शिल्पा हळूच बोलली, व्हय म्हाराजा. ही मुलगी आमच्यातली नाय, नाशिककडची, तिला कोणी शिकवलं होतं काय माहीत.

पाट देऊन आले. वाटेत पवारांच्या टेबलावर थांबले, बोलले चहा सांगा. त्यांनी सांगितला, काय विचारलं नाय. पाटी मी काढली टेबलावरची. माल तोच आहे, दुसरा मिळतच नाय, मी काय खोटं बोलू. आता गिऱ्हाइक विचारतं, मावशी ही माळ इंडियन की चायना, तर मी बोलते बाबा मला माहीत नाय, दिसते छान, पाहिजे तर घे. काही जण घेतात, काही जण तोंडाकडे बघून निघून जातात.

विजूचा निरोप आला होता, गणपतीला दर्शनाला येतो. त्या नवीन पोराचा पण आला. येऊ दे दोघांना, मोदक दोघांना देईन, गणपती काय मी एका पक्षाचा बसवत नाय. तुम्ही पण या ताई, पाच दिवस आहे, कधी पण या. सगळ्यांचं बरं होऊ दे, सीमेवरच्या मुलांचं होऊ दे, विजूचं पण होऊ दे, ओलं फडकं देणाऱ्या त्या बाईचं होऊ दे. आणि तिकडे चीनमध्ये तो दाणा कोण बनवत असेल, बायकाच असतील माझ्यासारख्या, एकेक करून बनवत असतील, त्यांचं पण होऊ दे. त्यांच्या घरात देव असतो का हो? असेल ना. की नसतो त्यांच्यात? मला काय माहीत नाय बाई, पण असू दे.